तिकीट कापलं गेल्यावर निष्ठा कशाशी ठेवायची?

काही वर्षांपूर्वीची जिल्हा परिषदेची निवडणूक. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, दुपारचे पावणेतीन. तहसील कचेरीच्या आवारात मी एका ओळखीच्या कार्यकर्त्याबरोबर उभा होतो. त्याचा अर्ज भरून तयार होता, सूचक हजर होता, अनामत भरल्याची पावती खिशात होती. नव्हता तो एबी फॉर्म, म्हणजे हा पक्षाचा अधिकृत उमेदवार असं सांगणारा कागद. ‘साहेबांची गाडी निघालीय, फॉर्म गाडीतच आहे,’ असं सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं. तीनला दहा कमी असताना गाडी आली. फॉर्मवर नाव होतं आठ दिवसांपूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेल्या माणसाचं. आमचा माणूस ओरडला नाही, कुणाची गाडी अडवली नाही. हातातली फाईल त्याने मोटारसायकलच्या डिकीत टाकली आणि तो घरी गेला.

त्याच्या घरी मतदार यादीची एक प्रत आहे. कडा दुमडलेली, पेन्सिलच्या खुणांनी भरलेली. कोण कामाला पुण्यात असतो आणि आदल्या रात्रीच्या एसटीने येतो, कुणाला बूथपर्यंत न्यायला रिक्षा लागते, कोणत्या घरात नवी सून आली आणि तिचं नाव माहेरच्याच यादीत राहिलंय, असं सगळं त्या यादीत आहे. बावीस वर्षांत त्याने ती दर निवडणुकीला नव्याने उतरवून घेतली. पक्षाची ताकद म्हणतात ती मला विचाराल तर त्या यादीत आहे. चिन्ह सगळ्यांना दिसतं, ही यादी कुणाला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला तालुकाध्यक्षांचा फोन आला. ‘व्यक्ती बघू नका, पक्षाचं काम करा.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक पक्षात, प्रत्येक निवडणुकीत हजारो लोकांना ऐकवलं जातं. त्यातल्या बहुतेकांना ते पटतंही, कारण ते खरंच पक्षाचे असतात. पण त्या माणसाने फोनवर एक साधा प्रश्न विचारला. ‘आम्ही सात जण इच्छुक होतो. सातांत माझा नंबर कितवा लागला, तेवढं सांगा.’ उत्तर मिळालं, ‘तसं काही नसतं.’

माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांच्या मधे आहे. तिकीट न मिळालेल्या माणसाकडून निष्ठा मागायचा हक्क पक्षाला आहे, पण निवड कशी झाली हे दाखवल्यावर. जिथे नंबरच लागत नाही तिथे हरल्याचं दुःख नसतं, फसवलं गेल्याची भावना असते. हरलेला माणूस चार दिवसांनी कामाला लागतो. फसवला गेलेला एक तर अपक्ष अर्ज भरतो किंवा घरात बसून आपल्याच उमेदवाराला पाडतो.

एबी फॉर्म म्हणजे नेमकं काय, हे एकदा नीट बघायला हवं. ‘ए’ फॉर्मवर पक्ष कळवतो की तिकीट देण्याचा अधिकार अमुक पदाधिकाऱ्याला आहे आणि ही त्याची सही. ‘बी’ फॉर्मवर तो पदाधिकारी उमेदवाराचं आणि पर्यायी उमेदवाराचं नाव लिहून देतो. लोकसभा-विधानसभेला हे दोन्ही कागद शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचले की चिन्ह मिळालं. 1968 च्या चिन्हविषयक आदेशातून आलेली ही पद्धत. हजारो सभासदांच्या पक्षाचा सगळा अधिकार एका सहीत गोळा होतो. त्या सहीआधी काय झालं, बैठक झाली का, कोण हजर होतं, कुणी काय मत दिलं, हे विचारण्याची कायद्यात कुठेच सोय नाही. पक्ष नोंदवताना लोकशाही, समाजवाद, धर्मनिरपेक्षता या तत्त्वांशी बांधील राहू असं लिहून द्यावं लागतं. त्यातली लोकशाही पक्षाच्या स्वतःच्या दारात कुणी तपासत नाही.

आपल्याकडे हे असंच चालत आलंय असं अनेकांना वाटतं. तसं नाही. 1969 च्या जुलैत बंगळुरूला काँग्रेसच्या संसदीय मंडळात, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या वरिष्ठ नेत्यांच्या समितीत, राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारावर चक्क मतदान झालं होतं. पंतप्रधान इंदिरा गांधींचा विरोध असताना बहुमताने नीलम संजीव रेड्डींचं नाव ठरलं आणि यशवंतराव चव्हाणांनीही रेड्डींच्या बाजूने मत दिलं. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांनी दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाशी बोलणी केली. मग इंदिराजींनी ‘सद्सद्विवेकबुद्धीने मत द्या’ असं आवाहन केलं आणि अपक्ष उभे असलेले व्ही. व्ही. गिरी ऑगस्टमध्ये निवडून आले. नोव्हेंबरमध्ये इंदिराजींची हकालपट्टी झाली आणि पक्ष दुभंगला.

या प्रकरणात कोण बरोबर होतं यावर आजही वाद घालता येतो. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढे घडलेलं. बहुमताने घेतलेला निर्णय सर्वोच्च नेत्याला गैरसोयीचा ठरू शकतो, हा धडा शिकून त्यावर उपाय काय काढला, तर बहुमत घेण्याचाच प्रसंग येऊ द्यायचा नाही. काँग्रेसमध्ये 1972 नंतर संघटनात्मक निवडणुका झाल्या त्या थेट 1992 साली. मधली वीस वर्षं वरून नेमणुका. ‘सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना’ हा एका ओळीचा ठराव तेव्हा अंगवळणी पडला. पुढे काँग्रेसशी लढून मोठ्या झालेल्या पक्षांनी काँग्रेसच्या धोरणांवर तुटून टीका केली, ही सवय मात्र जशीच्या तशी उचलली. आज राज्यात असा एकही मोठा पक्ष मला दिसत नाही, जिथे मतदारसंघातल्या सभासदांनी मत देऊन विधानसभेचा उमेदवार ठरवायचा रिवाज आहे.

त्याची किंमत मोजावी लागली नाही असंही नाही. 1995 च्या विधानसभेत 45 अपक्ष निवडून आले, त्यातले बरेचसे तिकीट नाकारलेले काँग्रेसचेच लोक. काँग्रेस 80 वर घसरली. शिवसेना-भाजप युतीचे 138 आमदार होते, 288 च्या सभागृहात बहुमताला कमी पडणारे. तरी सरकार युतीचं आलं, ते अपक्षांच्या पाठिंब्यावर. म्हणजे दिल्ली-मुंबईच्या बैठकांतून ज्यांची नावं गाळली होती, त्यांतल्या अनेकांना मतदारांनी चिन्हाशिवाय निवडून दिलं. ‘निवडून येण्याची क्षमता’ हा एकच निकष लावून नावं ठरवतो असं सांगणाऱ्यांचा अंदाज त्या निकषावरच चुकला होता.

तीस वर्षांनी आघाड्यांच्या राजकारणात हे दुखणं आणखी वाढलंय. आधी एका पक्षाचे श्रेष्ठी ठरवायचे, आता तीन पक्षांचे श्रेष्ठी एका खोलीत बसून मतदारसंघच वाटून घेतात. 2024 च्या लोकसभेला सांगलीची जागा महाविकास आघाडीत ठाकरेंच्या शिवसेनेकडे गेली. वर्षानुवर्षं काँग्रेसचा राहिलेला मतदारसंघ आणि तिथला काँग्रेसचा कार्यकर्ता विचारत होता, आम्ही कुठे जायचं? वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, लाखभर मतांनी निवडून आले आणि निकालानंतर लगेच काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र देऊन आले. अपक्ष म्हणून निवडून आल्यावर पक्षात शिरलं तर पक्षांतरबंदीत सदस्यत्व जातं, म्हणून ते काँग्रेसचे नुसते सहयोगी राहिले. प्रचारात ज्याला बंडखोर म्हटलं त्याचंच महिनाभरात हार घालून स्वागत झालं. आणि आघाडीचा धर्म पाळून ज्या काँग्रेस कार्यकर्त्यांनी मनाविरुद्ध मशालीचा प्रचार केला, त्यांनी यातून काय धडा घ्यायचा?

त्याच वर्षी विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये जे घडलं ते तर माझ्या मनातून जात नाही. काँग्रेसने आधी राजेश लाटकरांना उमेदवारी जाहीर केली. साधा कार्यकर्ता म्हणून त्यांचं नाव पुढे आलं होतं. पक्षातूनच विरोध झाला, कार्यालयावर दगड पडले. दडपणाखाली नाव बदललं आणि कोल्हापूरच्या छत्रपती घराण्यातल्या मधुरिमाराजेंना उमेदवारी मिळाली. लाटकर अपक्ष राहिले. माघारीच्या दिवशी, 4 नोव्हेंबरला, तीनला काही मिनिटं असताना मधुरिमाराजेंनीच अर्ज मागे घेतला. ज्या मतदारसंघात पक्ष आधीच्या दोन निवडणुका जिंकला होता, तिथे हाताचं चिन्हच मतदान यंत्रावर राहिलं नाही. शेवटी ज्यांचं नाव आठवड्यापूर्वी कापलं त्या लाटकरांनाच पुरस्कृत करून लढावं लागलं आणि जागा गेली. या सगळ्यात सामील असलेल्या एकेका माणसाची बाजू ऐकली तर प्रत्येकाची थोडी थोडी पटेल. माझा राग माणसांवर नाही. दगड पडायच्या आधी जर मतदारसंघातल्या बूथप्रमुखांना आणि माजी नगरसेवकांना एका सभागृहात बसवून चिठ्ठ्या टाकायला लावल्या असत्या, तर निदान दगड मारणाऱ्याला सांगता आलं असतं की बाबा, तुझी बाजू इतक्या मतांनी पडली. तसं सांगायला कुणाकडे काहीच नव्हतं. जाहीर केलेल्या नावामागे नेत्याच्या शब्दापलीकडे काही उभं नव्हतं, म्हणून ते दडपणाखाली कोसळलं.

इथे पक्षनेते एक उदाहरण हमखास देतात. 2019 ला भाजपने चंद्रशेखर बावनकुळे आणि विनोद तावडे या दोन मावळत्या मंत्र्यांना तिकीट नाकारलं. दोघे गप्प राहिले, काम करत राहिले. तावडे पक्षाचे राष्ट्रीय सरचिटणीस झाले. बावनकुळे विधान परिषदेवर गेले, प्रदेशाध्यक्ष झाले, 2024 ला कामठीतून पुन्हा निवडून येऊन मंत्री झाले. संयम ठेवला की फळ मिळतं, हे त्याचं तात्पर्य सांगितलं जातं. त्या दोघांच्या संयमाबद्दल मला आदर आहे, तो सोपा नव्हता. पण ज्याचं नाव राज्याला माहीत आहे त्याच्या संयमाची नोंद होते. जिल्हा परिषद गटातल्या माणसाचा संयम कुणाच्या वहीत लिहिला जातो? विधान परिषदेच्या जागा मूठभर, महामंडळं मोजकी, आणि ‘पुढच्या वेळी तुमचा विचार करू’ हा शब्द दिलेले लोक हजारो. पुढच्या वेळेपर्यंत आरक्षण बदलतं, गटाची रचना बदलते, शब्द देणारा नेताच दुसऱ्या पक्षात गेलेला असतो.

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी, कारण प्रत्येक बंडखोर हा अन्याय झालेला निष्ठावंत असतो हे खरं नाही. सकाळी एका पक्षाच्या कार्यालयात ढसाढसा रडून दुपारी दुसऱ्या पक्षाचा फॉर्म घेणारी माणसं आपण पाहिली आहेत. त्यांचं दुःख तिकिटापुरतं असतं आणि त्यांना निष्ठेची भाषा वापरण्याचा अधिकार नाही. वडिलांच्या जागेवर आपला जन्मसिद्ध हक्क मानणारे आणि तो डावलला की ‘कार्यकर्त्यांवर अन्याय’ म्हणून सभा घेणारेही त्यातलेच. कार्यकर्ता तिथे फक्त सभेला गर्दी करायला असतो.

त्याहून वाईट प्रकार माझ्या मते तिसराच आहे. उघड बंडखोर निदान समोर दिसतो, त्याच्यावर सहा वर्षांसाठी निलंबनाची कारवाई होते, मतदाराला कोण कुठे आहे ते कळतं. पण जो व्यासपीठावर उमेदवाराच्या शेजारी बसतो आणि रात्री फोनवरून आपल्या माणसांना ‘या वेळी बघून घ्या’ एवढंच सांगतो, त्याच्यावर कधीच कारवाई होत नाही. 2019 ला मुक्ताईनगरमध्ये कन्या रोहिणी पडल्यानंतर तेव्हा भाजपमध्ये असलेल्या एकनाथ खडसे यांनी पक्षातल्याच लोकांनी पाडलं असा जाहीर आरोप केला होता. असे आरोप सगळ्याच पक्षांत होतात आणि सिद्ध होत नाहीत, कारण न केलेल्या कामाचा पुरावा कुठून आणणार? या माणसाने पक्षाला फसवलं, उमेदवाराला फसवलं आणि ज्या मतदाराकडे हात जोडून मत मागितलं त्यालाही फसवलं. मन मानत नसेल तर सरळ सांगावं की मी या वेळी प्रचाराला येणार नाही. माझ्या ओळखीच्या माणसाने तेच केलं. ‘विरोधात एक शब्द बोलणार नाही, पण दारोदार जाऊन सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही,’ असं त्याने तालुकाध्यक्षांना सांगितलं. मतदानाच्या दिवशी तो रांगेत उभा राहून मत देऊन आला. यादी कपाटातच राहिली.

मग निवड सभासदांच्या मतांनी केली तर सगळं सुरळीत होईल का? यावरचे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते हलके नाहीत. पैसेवाला बोगस सभासद नोंदवेल. ज्या जातीची संख्या जास्त तिचाच माणूस दर वेळी निवडून येईल आणि अल्पसंख्य, भटके, स्त्रिया यांना वरून तिकीट देण्याची जी थोडी सोय आहे तीही जाईल. शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत गंभीर वाटतो. काही वेळा श्रेष्ठींनी स्थानिक बहुमत डावलून योग्य माणूस दिलाय, हे मान्य केलंच पाहिजे. पण तसं करायचं असेल तर तेही सांगून करता येतं. ‘या मतदारसंघात आम्ही या वेळी स्त्री उमेदवार देणार आहोत, इच्छुक स्त्रियांमधून निवड करा,’ असं सहा महिने आधी जाहीर करायला काय हरकत आहे? बोगस सभासदांचं म्हणाल, तर ते आजही नोंदवले जातात आणि पैसा आजही चालतोच. फरक इतकाच की आज तो बंद दाराआड चालतो आणि एका माणसाला खूश केलं की काम होतं.

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न हाताळलाच नाही असं नाही. अमेरिकेत 1968 साली ह्यूबर्ट हम्फ्री एकाही प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होणाऱ्या मतदानात, न उतरता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनात सभागृहाच्या आत भांडणं आणि बाहेर रस्त्यावर लाठ्या. पक्ष फुटलेल्या मनाने लढला आणि निक्सन जिंकले. त्यानंतर पक्षाने आयोग नेमून नियम बदलले आणि निवड बहुतांशी सामान्य मतदारांच्या हातात गेली. लगेच यश मिळालं असंही नाही, 1972 ला त्यांचा उमेदवार 49 राज्यांत हरला. खुली पद्धत जिंकण्याची हमी देत नाही. ती काय देते ते 2008 साली दिसलं. हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांची लढत महिनोन्‌महिने चालली, फ्लोरिडा आणि मिशिगनच्या प्रतिनिधींवरून कडाक्याचं भांडण झालं, हिलरींचे समर्थक चिडून होते. तरी डेन्व्हरच्या अधिवेशनात त्यांनी स्वतः उभं राहून ओबामांची निवड एकमताने करावी असा प्रस्ताव मांडला. त्यांना तसं करता आलं, कारण आपण किती मतांनी मागे पडलो ते त्यांना आणि त्यांच्या समर्थकांना माहीत होतं.

मला आपल्यासाठी जर्मनीची पद्धत जास्त जवळची वाटते. तिथे पक्षाची अंतर्गत रचना लोकशाहीला धरून असावी हे राज्यघटनेतच लिहिलंय. मतदारसंघातला उमेदवार सभासदांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधींनी गुप्त मतदानाने निवडायचा आणि त्या बैठकीचं इतिवृत्त उमेदवारी अर्जासोबत जोडायचं. आपल्या बी फॉर्मला एक कागद जास्त, एवढाच बदल. बैठक कधी झाली, किती जण हजर होते, कुणाला किती मतं पडली. वरिष्ठांनी निर्णय फिरवला असेल तर तोही कारणासह त्याच कागदावर.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणालं तर त्याला 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश दाखवावा. गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तीला उमेदवारी दिली तर का दिली आणि गुन्हे नसलेला दुसरा कुणी का मिळाला नाही, हे पक्षाने निवडीनंतर 48 तासांत जाहीर करायचं आहे, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालणार नाही असंही न्यायालयाने बजावलंय. पक्ष ती कारणं साचेबंद वाक्यांत भरून मोकळे होतात हे खरं. पण तिकीट का दिलं हे पक्षाला विचारता येतं, एवढं तत्त्व या देशात मान्य झालंय. गुन्हे नसलेल्या उमेदवाराबद्दल तोच प्रश्न पक्षाच्या स्वतःच्या सभासदाने विचारू नये, याला काय आधार आहे?

कायदा बदलेपर्यंत वाट पाहायची गरज नाही. सुरुवात इच्छुकांनाच करता येईल. मुलाखतीला पक्षाचे निरीक्षक येतात तेव्हा प्रत्येक जण आपापली फाईल घेऊन आत जातो आणि बाहेर आल्यावर बाकीच्यांकडे संशयाने बघतो. त्याऐवजी सगळ्या इच्छुकांनी आधीच एका कागदावर सह्या कराव्यात: आमच्या बूथप्रमुखांची मतं सगळ्यांसमोर मोजा, पहिला येईल त्याचं काम आम्ही सगळे करू, आणि न मोजता नाव आलं तर आमच्याकडून काही गृहीत धरू नका. एकट्याने असं म्हटलं तर त्याचं नाव पहिल्यांदा कापलं जाईल. सातही जणांनी म्हटलं तर निरीक्षकांना ते वर कळवावंच लागेल.

माझा तो ओळखीचा माणूस पुन्हा इच्छुक आहे. मागच्या वेळच्या सातपैकी एकजण आता हयात नाही, दोघं पक्ष सोडून गेले. उरलेल्या तिघांकडे तो असाच कागद घेऊन फिरतोय. दोघांच्या सह्या झाल्या आहेत. तिसरा म्हणालाय, साहेबांना विचारून सांगतो.